रुग्णाच्या रक्तापासून डिशमधल्या न्यूरॉनपर्यंत: मेंदूचे आजार आणि औषधं तपासण्याची पूर्ण वाट

मुंबईत जीवशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्या मुलांना स्टेम सेलपासून (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या चेतापेशी, बनवायचे असतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोटोकॉल कुठला वापरू? याचं उत्तर आता सोपं झालंय, चांगल्या पद्धतीने दोन आठवड्यांत न्यूरॉन तयार होतात. कठीण आहे ते पुढचं. या न्यूरॉनची तुलना कोणाशी करायची, आणि दिसलेला फरक आजाराचा आहे की फक्त दोन माणसांमधला, हे ओळखायचं कसं? म्हणून या लेखात पायऱ्या सगळ्या दिल्या असल्या तरी तुलनेला जागा जास्त आहे. औषधाचा निकाल टिकतो की कोसळतो, ते तिथेच ठरतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. २००६ साली जपानमध्ये क्योटोला शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जीन घालून त्या पुन्हा भ्रूणावस्थेसारख्या करून दाखवल्या. २००७ मध्ये माणसाच्या पेशींवरही ते जमलं आणि २०१२ साली यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. अशा मागे नेलेल्या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. त्यांच्यापासून न्यूरॉन बनतात आणि त्यांच्यात त्या रुग्णाचाच जनुकसंच असतो. परळच्या ओपीडीत बसलेल्या रुग्णाच्या मेंदूचा तुकडा आपल्याला मागता येत नाही. दहा मिलि रक्त मात्र मागता येतं.

आधी प्रश्न, मग पेशी

ड्राव्हे सिंड्रोमचं उदाहरण घ्या. बाळाच्या पहिल्या वर्षात, बहुतेकदा तापाबरोबर, लांबलेल्या फिट्स सुरू होतात. बहुतेक मुलांत एससीएन१ए या जीनमध्ये बिघाड सापडतो. हा जीन सोडियम चॅनेलचा, म्हणजे न्यूरॉनला विद्युत संदेश सोडायला लागणाऱ्या दाराचा. चॅनेल कमी पडलं तर न्यूरॉन थंडावायला हवेत, मग फिट्स का येतात? कारण हे चॅनेल मुख्यतः शेजाऱ्यांना आवर घालणाऱ्या गाबा इंटरन्यूरॉनमध्ये लागतं. आवर घालणारेच दमले की बाकीचं जाळं बेफाम होतं. म्हणूनच सोडियम चॅनेल बंद करणारी कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिनसारखी औषधं या मुलांना दिली तर फिट्स वाढू शकतात.

आता एखाद्याने सोपी पडते म्हणून उत्तेजक (शेजाऱ्यांना चेतवणारे) न्यूरॉन बनवणारी पद्धत निवडली आणि ड्राव्हेच्या रुग्णाच्या पेशींवर वापरली, तर ज्या पेशीत आजार आहे ती डिशमध्ये नसेलच. सहा महिन्यांनी ‘फरक नाही’ असा निकाल हाती येईल आणि तो छापताही येणार नाही. म्हणून प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: आजार कोणत्या पेशीत आहे, कोणत्या वयात सुरू होतो, आणि डिशमध्ये मी नेमकं काय मोजणार आहे.

वयाचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. आयपीएस पेशी बनताना वयाच्या खुणा पुसल्या जातात, त्यामुळे सत्तर वर्षांच्या आजोबांच्या रक्तापासून बनलेला न्यूरॉनही गर्भातल्या बाळासारखाच वागतो. अल्झायमरमधल्या टाऊ प्रथिनात हे स्पष्ट दिसतं. प्रौढ मेंदूत टाऊचे ३आर आणि ४आर हे दोन प्रकार साधारण सारखे असतात, तर डिशमधल्या कोवळ्या न्यूरॉनमध्ये जवळजवळ सगळा ३आर असतो. त्वचेच्या पेशीपासून थेट न्यूरॉन बनवला, मधली स्टेम सेलची पायरी टाळली, तर वयाच्या बऱ्याच खुणा टिकतात. पण त्या पेशी वाढत नाहीत, त्यामुळे संख्या मोजकीच मिळते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं मत स्पष्ट सांगते: पहिला आजार एकाच जीनचा आणि लहानपणी सुरू होणारा निवडा. घराण्यात न दिसणारा म्हातारपणचा अल्झायमर पहिल्या प्रकल्पाला घेऊ नका. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या, अनेक जीन मिळून होणाऱ्या आजारांना एकाच कुटुंबातले बरेच सदस्य आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा लागतो. बेंगळुरूत निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांनी मिळून असं काम उभारलं आहे, एकट्या विद्यार्थ्याने ते पेलायचं नाही. आपल्याकडचा एक चांगला विषय हवा असेल तर एससीए१२ बघा. तोल जाणं आणि हात थरथरणं हा या आजाराचा चेहरा. तो जगात विरळ असला तरी भारतात, विशेषतः अग्रवाल समाजातल्या कुटुंबांत, सापडतो. त्याच्या आयपीएस लाईन्स (एका माणसापासून बनवलेल्या, डिशमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी) भारतातच बनल्या आहेत. मात्र तो उशिरा दिसणारा आजार आहे, तेव्हा वयाची अडचण तिथेही येणार.

परवानग्या आणि रुग्णाशी बोलणं

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची स्टेम सेल संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची आहेत. तुमच्या संस्थेची आयसी-एससीआर ही स्टेम सेल समिती आणि नीतिमत्ता समिती, दोन्हींची मंजुरी लागते. विषाणू वापरून रीप्रोग्रॅमिंग (रक्ताच्या पेशीची आयपीएस पेशी बनवणं) किंवा क्रिस्पर या जीन कापण्याच्या तंत्राने जीन दुरुस्ती करायची असेल तर जैवसुरक्षा समितीकडेही अर्ज करा. रक्त हॉस्पिटलमध्ये घेणार आणि पेशी दुसऱ्या संस्थेत वाढवणार असाल तर दोन्हीकडच्या समित्या आल्या. तिन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका, एकामागून एक टाकले तर वर्ष जातं.

संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत असू द्या. त्यात या गोष्टी साध्या शब्दांत हव्यात: पेशी वर्षानुवर्षं साठवल्या जातील, जनुकसंच वाचला जाईल, लाईन दुसऱ्या लॅबला किंवा कंपनीला जाऊ शकते, आणि नाव कुठेही जाणार नाही. मूल सात ते बारा वर्षांचं असेल तर आईवडिलांच्या सहीबरोबर त्याची तोंडी संमती, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. पण खरी संमती कागदाआधीच्या बोलण्यात असते. आई विचारतेच:

“ह्या रक्तातून माझ्या बाळाला औषध मिळेल का हो?”

“नाही काकू. आम्ही यातून आजार समजून घेतोय, औषध सापडलंच तर त्याला खूप वर्षं लागतील. तुम्ही नाही म्हणालात तरी इथल्या उपचारात काही फरक पडणार नाही. आणि जमलं तर मोठ्या भावाचंही थोडं रक्त द्याल का? त्याला आजार नाही, म्हणूनच त्याच्या पेशी आम्हाला फार उपयोगाच्या आहेत.”

एवढं बोलायला दहा मिनिटं लागतात, ती द्या. पुष्कळदा पुढचा प्रश्न असतो जाहिरातीत पाहिलेल्या स्टेम सेल उपचाराचा. तत्त्वं तिथे स्वच्छ आहेत: ठराविक आजारांत रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, बाकी सगळं फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये. हे रुग्णाला त्याच टेबलावर सांगा.

लाईन कुठून आणायची

रीप्रोग्रॅमिंगने सुरुवात करू नका. आधी नीट तपासलेली एखादी लाईन आणून हात बसवा. केओएलएफ२.१जे ही लाईन त्यासाठी उत्तम. २०२२ मध्ये ती मज्जासंस्थेच्या आजारांसाठी समान संदर्भ म्हणून पुढे आली आणि तिच्यावर जगभरातल्या लॅब्ज काम करतात, त्यामुळे तुमचा निकाल इतरांशी ताडून बघता येतो. आपल्या शहराला या कामाचा इतिहासही आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत किंड-१ आणि किंड-२ या मानवी भ्रूण स्टेम सेल लाईन्स तयार झाल्या.

परदेशातून व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) मागवताना कागद पूर्ण झाल्याशिवाय तिकडून माल निघू देऊ नका. पार्सल सहारच्या कार्गोत सोमवारी किंवा मंगळवारी उतरेल असं बघा. शनिवार-रविवारी ड्राय आइस उडून गेला तर पेशी मेल्याच.

स्वतःची लाईन बनवायची झाली तर आठ-दहा मिलि रक्त घ्या आणि सामान्य तापमानाला न्या, बर्फात नको. चोवीस तासांच्या आत पांढऱ्या पेशी वेगळ्या करा. परळहून कुलाबा किंवा पवई गाठायला वेळ भरपूर असतो, पण ऑक्टोबरच्या उन्हात डबा गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. ते जीन पेशीत नेणाऱ्या सेंडाई विषाणूने तीन-चार आठवड्यांत कॉलनी, म्हणजे आयपीएस पेशींचे पुंजके, दिसतात. माणशी किमान तीन क्लोन (एकेका कॉलनीपासून वाढवलेल्या पेशी) उचला. विषाणू साधारण दहाव्या पॅसेजपर्यंत (पेशी भरल्या की नव्या डिशमध्ये हलवणं म्हणजे एक पॅसेज) निघून जातो, तो गेल्याची खात्री पीसीआरने करा. रक्तापासून पक्की, गोठवलेली बँक व्हायला चार ते सहा महिने धरा.

आता तपासण्या. ऑक्ट४, नॅनॉग या स्टेम सेलच्या खुणा सगळेच बघतात. मला जास्त काळजी वाटते ती २०क्यू११.२१ या तुकड्याची. पेशी डिशमध्ये वाढता वाढता गुणसूत्र २० वरचा हा भाग जास्तीचा होण्याची प्रवृत्ती असते. नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या चित्रात) तो पुष्कळदा दिसत नाही, इतका लहान. पण त्यात पेशीला मरणापासून वाचवणारा बीसीएल२एल१ हा जीन आहे. तुम्ही न्यूरॉन मरण्याचा अभ्यास करताय आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या निरोगी, लाईनमध्ये हा तुकडा दुप्पट झालाय, तर कंट्रोल निरोगी आणि रुग्ण आजारी असं सुरेख चित्र दिसेल आणि ते संपूर्ण खोटं असेल. क्यूपीसीआरने दर दहा पॅसेजला तपासा. मायकोप्लाझ्मा या कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूची चाचणी दर महिन्याला, आणि लाईन अदलाबदल झाली नाही ना हे बघायला एसटीआर ही डीएनएची ओळखचाचणी.

मुंबईच्या हवेत कल्चर

जून ते सप्टेंबर बुरशीचे महिने. कल्चर रूममध्ये पुठ्ठ्याचा एकही खोका नको. प्लेट्स आणि पिपेट बाहेरच सोडवून आत न्या. एसीचे फिल्टर पावसाआधी आणि पावसाच्या मध्यावर धुवून घ्या, इनक्यूबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी आठवड्याला बदला. भिजलेली छत्री आणि चपला दोन दारं अलीकडेच ठेवायच्या. अँटिबायोटिक घालून कल्चर वाढवू नका, त्याने घाण लपते. सीओटूचं एक सिलिंडर नेहमी जास्तीचं असू द्या. २००५ च्या जुलैसारखा पाऊस झाला तर गाडी येणार नाही.

आयपीएस पेशी मॅट्रिजेल या चिकटवणाऱ्या थरावर वाढवा, मीडिया (पेशींचं पोषक द्रव) रोज बदला, डिश ७०-८० टक्के भरली की पॅसेज करा. अर्धा मिलिमोलर ईडीटीएमध्ये तीन ते पाच मिनिटं पुरतात. सुट्या पेशी लावताना १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ हे पेशी वाचवणारं रसायन घाला, नाहीतर रात्रीत मरतात. कडा धारदार आणि मधे चकचकीत, घट्ट बसलेल्या पेशी म्हणजे कॉलनी चांगली. कडेच्या पेशी पसरून लांबट दिसायला लागल्या की त्या स्टेम सेल न राहता दुसऱ्याच पेशी होऊ लागल्या. तो भाग खरवडून टाका.

न्यूरॉन बनवणं

उत्तेजक न्यूरॉन चालत असतील तर एनजीएन२. २०१३ मध्ये स्टॅनफर्डला थॉमस स्यूडॉफ यांच्या लॅबमधून ही पद्धत आली. एनजीएन२ हा एकच जीन डॉक्सिसायक्लिन या औषधाने चालू करायचा. तो आधीच बसवलेल्या पेशी ॲक्युटेज या एन्झाइमने सुट्या करून लावा आणि दोन मायक्रोग्रॅम प्रति मिलि डॉक्सिसायक्लिन तीन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी पेशी पुन्हा उचला. इथे थांबा आणि त्या मोठ्या संख्येने गोठवा. पुढे रुग्णाची आणि कंट्रोलची व्हायल एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच मीडियात उघडायची, म्हणजे अर्धा बॅच-गोंधळ इथेच मिटतो.

प्लेटला पेशी चिकटाव्यात म्हणून आधी पॉलिऑर्निथिनचा थर, मग लॅमिनिनचा. पॉलिऑर्निथिन तीनदा चांगलं धुवा, उरलेलं पेशींना विषारी ठरतं. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलला साधारण २५,००० न्यूरॉन, सोबत ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशी. त्यांच्याशिवाय न्यूरॉन जगतात पण नीट बोलू लागत नाहीत. मीडिया न्यूरोबेझल, बी२७, बीडीएनएफ आणि एनटी३ चा. आठवड्यातून दोनदा फक्त अर्धा बदला, भिंतीवरून हळू सोडून. तिसऱ्या आठवड्यात न्यूरॉन गठ्ठे करून सायीसारखे सुटून येऊ लागतात. तेव्हा मीडियात थोडं लॅमिनिन घाला आणि प्लेट इकडून तिकडे नेणं कमी करा. वाढत राहिलेल्या इतर पेशी आरासीने थोड्या दिवसांत मारता येतात. भरवशाचं फायरिंग, म्हणजे न्यूरॉनचे विद्युत संदेश, चार ते सहा आठवड्यांनी.

मेंदूच्या विकासाचा क्रम हवा असेल तर २००९ ची ड्युअल स्मॅड पद्धत, तिला महिने लागतात. पार्किन्सनसाठी डोपामाइन न्यूरॉन बनवताना चिर९९०२१ या रसायनाचं प्रमाण जरा चुकलं तरी मेंदूचा भलताच भाग तयार होतो, म्हणून प्रत्येक लाईनला ते नव्याने ठरवा. ऑर्गनॉइड, म्हणजे डिशमध्ये वाढवलेले मेंदूसारखे गोळे, दिसायला मोहक असतात, पण दोन ऑर्गनॉइडमध्येच इतका फरक असतो की औषध तपासायला ते पहिली निवड नसावेत.

तुलना कोणाशी

इंग्लंडच्या हिपसाय प्रकल्पाने २०१७ मध्ये शेकडो लाईन्स तपासून दाखवलं की पेशींच्या वेगवेगळ्या गुणांतला ५ ते ४६ टक्के फरक निव्वळ दाता वेगळा असल्यामुळे असतो, आजार नसतानाही. याचा अर्थ एक रुग्ण विरुद्ध एक निरोगी अनोळखी माणूस, या तुलनेतून आजाराबद्दल काहीच सांगता येत नाही.

सगळ्यात पक्की तुलना म्हणजे रुग्णाच्याच लाईनमध्ये क्रिस्परने बिघाड दुरुस्त केलेली जोडी. शिवाय निरोगी लाईनमध्ये तोच बिघाड घालून उलटी जोडीही बनवा. दोन्हीकडे फरक दिसला तरच तो त्या जीनचा. दुरुस्तीतून आलेले किमान दोन क्लोन ठेवा, कारण क्लोन निवडतानाही नको ते बदल घुसतात. रेट सिंड्रोम या मुख्यतः मुलींना होणाऱ्या मेंदूच्या आजारात निसर्गच थोडी मदत करतो. त्याचा एमईसीपी२ जीन एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, त्यामुळे एकाच मुलीच्या काही क्लोनमध्ये चांगला एक्स चालू असतो आणि काहींत बिघडलेला. ही आयती जोडी आहे. पण पॅसेज वाढत गेले की बंद असलेला एक्स हळूहळू उघडू लागतो, म्हणून प्रत्येक प्रयोगाला ते तपासावं लागतं. क्रिस्पर परवडत नसेल तर भावाचं रक्त हा पुढचा चांगला पर्याय.

आणि मोजणी. एका प्लेटमधले साठ वेल म्हणजे साठ नमुने नव्हेत. वेल म्हणजे मोजमापाची पुनरावृत्ती, वेगळ्या दिवशी वेगळ्या व्हायलपासून बनवलेली बॅच म्हणजे प्रयोगाची पुनरावृत्ती, आणि वेगळा माणूस म्हणजे खरा नमुना. आजाराबद्दल बोलायचं तर एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, ही माणसांची. तीन रुग्ण, प्रत्येकाची दुरुस्त जोडी आणि प्रत्येकी तीन बॅचेस, ही मला किमान वाटणारी रचना. बजेट कमी असेल तर वेल कमी करा, माणसं कमी करू नका.

औषध घालताना

आधी न्यूरॉन खरंच बोलतायत का ते बघा. कॅल्शियम इमेजिंग किंवा एमईए प्लेटवर (तळाशी इलेक्ट्रोड असलेली) फायरिंग मोजा, मग सोडियम चॅनेल बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिन घाला. फायरिंग थांबलं पाहिजे. गाबाचा परिणाम अडवणाऱ्या पिक्रोटॉक्सिनने ते वाढलं तर गाबाची आवर घालणारी वाट आहे, नाहीतर ड्राव्हेसारख्या प्रश्नाला ही प्लेट निरुपयोगी. एखाद-दुसऱ्या बॅचवर पॅच क्लॅम्पही (एकेका न्यूरॉनची वीज मोजणं) करून घ्या.

मग डोस. कार्बामाझेपिनचं हे गणित प्रत्येक औषधाला करा. रक्तात उपचाराची पातळी ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, म्हणजे साधारण १७ ते ५१ मायक्रोमोलर. त्यातलं सुमारे ७५ टक्के प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं उरतं चार ते तेरा मायक्रोमोलर. बी२७ मध्ये अल्ब्युमिन असलं तरी रक्तापेक्षा खूपच कमी, तेव्हा डिशमध्ये चार ते तेरा हीच खरी कक्षा. १०० मायक्रोमोलरला दिसलेला परिणाम रुग्णाच्या मेंदूबद्दल काही सांगत नाही. या कक्षेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या आठ मात्रा घ्या. व्हॅल्प्रोएट या फिट्सच्या औषधाबाबत आणखी एक सावधगिरी: ते हिस्टोन डीॲसिटिलेजही अडवतं, जीनचं वाचन बदलतं. दोन दिवस ठेवल्यावर दिसलेला परिणाम फिट्स रोखण्याचा की जीन बदलल्याचा, हे सांगता येत नाही.

औषध ज्यात विरघळवतो तो डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि सगळ्या वेलमध्ये तेवढाच ठेवा. कडेच्या वेलमधून पाणी उडतं, तिथे न्यूरॉन न लावता बफर भरा. रुग्ण आणि दुरुस्त लाईन एकाच प्लेटवर, वेलच्या जागा चिठ्ठ्या टाकून. औषधाच्या नळ्यांवर दुसऱ्या कोणीतरी सांकेतिक आकडे घालावेत. फायरिंगबरोबर त्याच वेलमध्ये पेशी जिवंत आहेत का तेही मोजा, कारण न्यूरॉन मारणारं औषधही फायरिंग ‘शांत’ करतं.

ही वाट रुग्णापर्यंत जाते याचं चांगलं उदाहरण रेटिगाबिन. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या रुग्णांपासून बनवलेले मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणारे) गरजेपेक्षा जास्त फायर करतात आणि हे जुनं फिट्सचं औषध त्यांना आवरतं, असं २०१४ मध्ये दिसलं. पुढे ६५ रुग्णांवर ट्रायल झाली, तिचे निकाल २०२१ मध्ये आले आणि रुग्णांच्या मेंदूतली उत्तेजनाही कमी झालेली दिसली. आजार मंदावला, असं मात्र त्या ट्रायलने सिद्ध केलेलं नाही. उलट दिशेचं उदाहरण २०१३ चं. अल्झायमरसाठी आशा असलेली, वेदनाशामकांच्या कुळातली काही औषधं प्रयोगशाळेच्या नेहमीच्या पेशींत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) बदलत होती, पण माणसाच्या खऱ्या न्यूरॉनमध्ये त्यांनी काहीच केलं नाही. त्याच कुळातलं टॅरेनफ्लर्बिल त्याआधी मोठ्या ट्रायलमध्ये अपयशी ठरलं होतं. डिश आधी विचारली असती तर रुग्णांची कित्येक वर्षं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणि भारताने २०२३ मध्ये नियम बदलून प्राण्यांऐवजी अशा मानवी पेशींवरचा पुरावा ग्राह्य धरायला वाट मोकळी केली. त्यामुळे आपल्या नोंदी आता औषध नियंत्रकाच्या टेबलापर्यंत जाऊ शकतात, त्या दर्जाच्याच ठेवा: पॅसेज क्रमांक, बी२७ चा लॉट, व्हायल वितळवल्याची तारीख, प्लेट लावणाऱ्याचं नाव.

औषधाने काम केलं असं वाटलं की त्याच क्लोनवर पुन्हा करून खूश होऊ नका. दुसरा क्लोन घ्या, मग दुसरा रुग्ण, मग दुरुस्त लाईनवर तेच औषध. दुरुस्त न्यूरॉनही तितकेच शांत होत असतील तर तुम्हाला नुसतं फायरिंग कमी करणारं औषध सापडलंय, आजारावरचं नव्हे. यातून तगलं तर रुग्णाची आणि दुरुस्त अशा दोन गोठवलेल्या व्हायल, लिहिलेला प्रोटोकॉल आणि सांकेतिक आकड्यांच्या नळ्या दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवा. त्यांचा तक्ता येईपर्यंत कोणता आकडा कोणत्या औषधाचा ते त्यांना सांगू नका.